हाइमाट : हक्काचा कागद आणि मातीची ओढ

पदव्युत्तर वर्गात अनुवादाचा पेपर शिकवताना काही परभाषिक शब्द आम्ही दरवर्षी न चुकता फळ्यावर लिहितो. जर्मनमधला 'हाइमाट' हा त्यांपैकी एक. विद्यार्थी पटापट पर्याय सुचवतात : मायभूमी, जन्मभूमी, मुलूख, गाव, घर. एखादा जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या आठवणीने 'वतन' म्हणतो आणि वर्गात हसू पिकते, कारण मराठीत वतन म्हणजे देश नव्हे. वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी. अनेक वर्षे आम्हीही त्या हसण्यात सामील होत असू. पुढे दोन महायुद्धांमधल्या काळाविषयी वाचत गेलो तसे वाटू लागले की चुकून आलेला हा शब्दच 'हाइमाट'च्या सर्वांत जवळचा आहे. मायभूमी आणि जन्मभूमी या शब्दांत भावनेचा ओलावा आहे, पण तलाठ्याच्या दप्तराचा वास नाही. 'हाइमाट'ला तो होता.

ग्रिम बंधूंनी सुरू केलेल्या जर्मन शब्दकोशात या शब्दाच्या अर्थांमध्ये बव्हेरियाकडचा एक वापर नोंदवला आहे : वडिलोपार्जित घर आणि जमीनजुमला. म्हणजे ज्याच्याकडे घर-शेत आहे त्याला हाइमाट आहे. धाकट्या भावाला, गड्याला, मोलकरणीला ती नाही. हाब्सबुर्ग साम्राज्याच्या ऑस्ट्रियन भागात हा अर्थ कायद्यात स्थिरावला. 'हाइमाटरेख्ट' म्हणजे हाइमाटचा हक्क. १८६३च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रजाजन कोणत्या तरी एका गावाचा वा शहराचा 'हक्काचा माणूस' असायला हवा होता. तो हक्क वडिलांकडून येई. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या गावाचा मिळे. सरकारी नोकर, धर्मोपदेशक आणि सार्वजनिक शाळेतले शिक्षक यांना नेमणुकीच्या ठिकाणचा मिळे. (आमच्या व्यवसायाला एवढा मान क्वचितच मिळतो, म्हणून हे नोंदवून ठेवतो.) या हक्काने माणसाला दोन गोष्टी मिळत : त्या गावातून त्याला कोणी हाकलू शकत नसे, आणि म्हातारपणी वा दारिद्र्यात त्याला पोसण्याची जबाबदारी त्या गावावर येई.

हे ऐकायला मोठे माणुसकीचे वाटते. त्यात माणुसकी होतीही. पण कारखान्यांच्या काळात माणसे हलू लागली. बोहेमियातला विणकर, गॅलिशियातला फेरीवाला, मोरावियातली स्वयंपाकीण व्हिएन्नात येऊन वीस-वीस वर्षे राबत, तरी त्यांचा हक्क मागे सोडलेल्या गावीच राही. अशा माणसाचे काम सुटले, तो आजारी पडला, भीक मागताना सापडला, की पोलीस त्याला त्याच्या 'हक्काच्या' गावी रवाना करीत. ते गाव त्याने कदाचित कधी पाहिलेलेही नसे; त्याच्या बापाने ते सोडलेले असे. गावकऱ्यांनाही हा उपरा पाहुणा नको असे, कारण पोसायचा त्यांनीच. १८९६ साली कायदा थोडा सैल झाला : सलग दहा वर्षे एका ठिकाणी राहून ज्याने गरिबांसाठीची मदत घेतली नाही, त्याला तिथला हक्क मागता येऊ लागला. तरीही १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा साम्राज्यातल्या असंख्य माणसांचे राहते घर एकीकडे आणि कागदावरची हाइमाट दुसरीकडे, अशी अवस्था होती. साम्राज्य एक होते तोवर या विसंगतीची झळ मुख्यतः गरिबांना लागे.

१९१८च्या नोव्हेंबरात साम्राज्य कोसळले आणि ती झळ सर्वांपर्यंत पोचली. पाच कोटींहून अधिक प्रजेचे हे राज्य अनेक राष्ट्रांमध्ये वाटले गेले. आता प्रश्न असा, की कोण कोणत्या राष्ट्राचा? १० सप्टेंबर १९१९ रोजी झालेल्या सँ-जेर्मँच्या तहाने उत्तर म्हणून उचलला तो हाच जुना कागद. ज्याचा हाइमाटरेख्ट ज्या गावात, ते गाव ज्या नव्या राष्ट्रात, त्याचे नागरिकत्व त्या राष्ट्राचे. भिकाऱ्याला कोणी पोसायचे हे ठरवण्यासाठी केलेली नोंद एका रात्रीत पासपोर्ट झाली. व्हिएन्नात जन्मलेला, तिथेच शिकलेला, जर्मनखेरीज दुसरी भाषा न येणारा कारकून केवळ आजोबांच्या गावामुळे चेकोस्लोव्हाकियाचा नागरिक ठरू शकत होता. इतिहासाच्या पुस्तकांत या तहाची कलमे सीमारेषांच्या संदर्भात येतात. नोंदवहीतल्या या एका रकान्याने किती घरे उलथीपालथी केली, त्यावर फारसे कोणी थांबत नाही.

तहात एक पळवाट होती. कलम ८० नुसार, आपल्या हक्काच्या प्रदेशातल्या बहुसंख्यांहून ज्यांचा वंश आणि भाषा वेगळी आहे, त्यांना सहा महिन्यांच्या आत आपल्या वंशाच्या व भाषेच्या लोकांचे राज्य निवडता येणार होते. युद्धकाळात रशियन सैन्याच्या भीतीने गॅलिशियातून हजारो ज्यू कुटुंबे व्हिएन्नात आश्रयाला आली होती. गॅलिशिया आता पोलंडात गेला. यांतल्या पुष्कळांनी आपली भाषा जर्मन असल्याचे सांगून ऑस्ट्रियाचे नागरिकत्व मागितले. तत्पूर्वी, सप्टेंबर १९१९ मध्येच, लोअर ऑस्ट्रियाचे प्रांतप्रमुख आल्बर्ट झेवर यांनी एक हुकूम काढला होता : ऑस्ट्रियाच्या नव्या हद्दीत ज्यांना हाइमाटरेख्ट नाही अशा युद्धकाळी आलेल्यांनी निघून जावे. झेवर समाजवादी पक्षाचे होते, हे मुद्दाम सांगायला हवे. त्यांच्या हुकमात ज्यू हा शब्द नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. हाइमाटरेख्ट नसलेले म्हणजे कोण, हे रस्त्यावरच्या पोराला ठाऊक होते. हुकमाची अंमलबजावणी बव्हंशी फसली, पण शब्द कामाला लागला होता.

पुढचे पाऊल १९२१ साली पडले. त्या उन्हाळ्यात प्रशासकीय न्यायालयाने निर्वाळा दिला की 'वंश आणि भाषा' यांतला वंश ही जन्मजात गोष्ट आहे आणि ती भाषेहून वेगळी सिद्ध केली पाहिजे. गृहमंत्री लेओपोल्ड वाबर यांनी त्याचा आधार घेऊन ज्यू अर्जदारांचे अर्ज फेटाळण्याचा सपाटा लावला : तुम्ही जर्मन बोलत असाल, पण ऑस्ट्रियातल्या बहुसंख्यांच्या वंशाचे नाही. न्युरेंबर्गचे कायदे यायला अजून चौदा वर्षे होती. ऑस्ट्रिया तेव्हा प्रजासत्ताक होता, मंत्री संसदेला जबाबदार होता, न्यायालये उघडी होती. हाइमाटच्या कल्पनेत वंश घुसला तो या वाटेने, अर्जाच्या कोपऱ्यावर मारलेल्या शेऱ्यातून. नाझींच्या मशालमिरवणुकांत या गोष्टीचा उगम शोधणारे विवेचन आम्हांला म्हणूनच अपुरे वाटते. आमच्या दृष्टीने या सगळ्या कथेतला कळीचा दिवस एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाचा नाही. तो त्या फेटाळलेल्या अर्जांतल्या पहिल्या अर्जाचा आहे.

योझेफ रोट हा कादंबरीकार याच गॅलिशियातला, ब्रोडी गावचा. आपले जन्मगाव श्वाबेनडॉर्फ आहे, असे तो सांगत असे. नावावरून जर्मन वसाहतीचे वाटावे असे हे गाव. रोटच्या या थापेवर त्याच्या चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. स्वभावतःच तो गोष्टीवेल्हाळ होता हे खरे. परंतु वरचा इतिहास समोर ठेवला तर ती थाप एका शहाण्या अर्जदाराची वाटते. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या भटक्या ज्यूंवरील आपल्या पुस्तकात, पूर्वेकडून आलेला माणूस व्हिएन्नात दाखल झाला की पोलीसचौकी आणि दाखले यांच्या चक्रात कसा सापडतो, याचे वर्णन त्याने केले आहे. ते विनोदी आहे आणि वाचून हसू येत नाही.

परंतु प्रत्येक ठिकाणी शब्द एकाच दिशेने गेला असेही नाही. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला कॅरिंथिया प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागावर नव्या युगोस्लाव्ह राज्याने हक्क सांगितला, चकमकी झाल्या, आणि शेवटी १० ऑक्टोबर १९२० रोजी सार्वमत घेण्यात आले. मतदानाच्या या टापूत १९१०च्या जनगणनेनुसार सुमारे सत्तर टक्के लोक स्लोव्हेन भाषक होते. भाषा म्हणजेच राष्ट्र, हे सूत्र खरे असते तर निकाल ठरलेला होता. प्रत्यक्षात २२,०२५ मते ऑस्ट्रियाला पडली आणि १५,२७९ युगोस्लाव्हियाला. म्हणजे हजारो स्लोव्हेन भाषकांनी जर्मन भाषक राष्ट्राला मत दिले. का? शेतमालाची बाजारपेठ क्लागेनफुर्टला होती आणि मधे जकातनाका येणार होता. एकीकडे प्रजासत्ताक होते, दुसरीकडे राजा आणि सक्तीची लष्करभरती. आणि डोंगर, तळे, बाजाराचा दिवस, चर्चची जत्रा हे सगळे एका प्रांतात होते, ते तुटू नये असे लोकांना वाटले. भाषा, धर्म, वंश यांच्या आधी माणसाला आपला टापू ओळखू येतो, ही हाइमाटची सर्वांत निकोप बाजू त्या दिवशी दिसली.

त्या मतांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. स्लोव्हेनांना सांस्कृतिक संरक्षण देण्याच्या मतदानाआधीच्या वचनांचा लवकरच विसर पडला. १९२७ साली मार्टिन वुटे या इतिहासकाराने एक सिद्धान्त मांडला : ऑस्ट्रियाला मत देणारे हे लोक खरे स्लोव्हेन नव्हेतच, ते 'विंडिश' होत. बोली स्लाव्ह असली तरी मनाने आणि संस्कृतीने ते जर्मनांकडे झुकलेले. ज्याने हाइमाटवर निष्ठा दाखवली तो विंडिश, आणि जो आपल्या मुलांना स्लोव्हेनमधून शिकवा म्हणाला तो राष्ट्रीय स्लोव्हेन, अर्थात संशयित. एकाच आळीतल्या, एकच बोली बोलणाऱ्या दोन भावांत असा भेद एका विद्वानाने पुस्तक लिहून पाडला. एप्रिल १९४२ मध्ये नाझी राजवटीने कॅरिंथियातल्या स्लोव्हेन कुटुंबांना गाड्यांत भरून देशोधडीला लावले. ज्या टापूने मतपेटीतून ऑस्ट्रियाची दक्षिण सीमा राखली, त्याच टापूतली ही घरे होती.

राजकारणाच्या मोठ्या पटावर तेव्हा काय चालले होते ते थोडक्यात सांगू. कॅरिंथिया व स्टिरिया भागांत युद्धोत्तर गोंधळात उभी राहिलेली गावरक्षक पथके 'हाइमवेर' म्हणून ओळखली जात. काही वर्षांतच ती समाजवाद्यांविरुद्धची खासगी सेना बनली. मे १९३०च्या कोर्नॉयबुर्ग शपथेत तिने संसदीय लोकशाही उघडपणे नाकारली आणि त्याच वर्षी 'हाइमाटब्लॉक' या नावाने निवडणूक लढवून आठ जागा मिळवल्या. कामगारवस्तीतला माणूस हाइमाटच्या बाहेर, असा अर्थ या नावातच भरलेला होता.

संस्कृतीच्या क्षेत्रातली हकीकत अधिक गुंतागुंतीची आणि आम्हांला अधिक चटका लावणारी आहे. ऑस्ट्रियन माणसाची हाइमाट म्हणजे आल्प्स. गिर्यारोहण हा तिथला लोकछंद, आणि जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन संघाच्या डोंगरातल्या झोपड्या म्हणजे त्या छंदाची देवळे. १९२१ साली या संघाच्या व्हिएन्नातल्या 'ऑस्ट्रिया' शाखेने ज्यूंना सभासदत्व बंद केले. बाहेर पडलेल्यांनी 'डोनाउलांड' नावाची वेगळी शाखा काढली. पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून जगभर नाव झालेला व्हिक्टर फ्रांकल तिचा सभासद होता. १९२४ साली त्या शाखेलाच संघातून काढून टाकले गेले. मग डोंगरातल्या झोपड्यांवर पाट्या लागल्या की ज्यूंचे आणि डोनाउलांडवाल्यांचे येथे स्वागत नाही. हिटलर तेव्हा लांड्सबेर्गच्या तुरुंगात होता. सह्याद्रीत फिरलेल्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको, की धुक्यातून वाट काढत वर आलेल्या माणसाला छपराखाली घेताना जात विचारणे म्हणजे काय.

आणखी एक माणूस येथे आठवतो. व्हिएन्नातल्या ज्यू कापड-कारखानदाराच्या घरात जन्मलेला कोन्राड माउटनर लहानपणी सुटीत स्टिरियातल्या ग्रुंडलझे तळ्याकाठी जाई. ग्योस्सल नावाच्या तिथल्या खेड्याचा त्याला असा लळा लागला की त्याने गावकऱ्यांची गाणी, यमके, चाली टिपून ठेवल्या, त्यांना स्वतः चित्रे काढली आणि १९१० साली त्यांचा संग्रह छापला. स्टिरियाच्या वेशभूषेचा कोश त्याने हाती घेतला. १९२४ मध्ये तो अकाली वारला आणि व्हिक्टर फॉन गेराम्ब या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने तो ग्रंथ तीसच्या दशकात पुरा केला. आज जिला अस्सल ऑस्ट्रियन लोकसंस्कृती म्हणतात तिचा एक मोठा ठेवा असा जपला गेला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. त्याच उन्हाळ्यात साल्झबुर्गच्या पोलिसांनी हुकूम काढला की ज्यूंनी आल्प्सकडचा पारंपरिक वेश, म्हणजे चामड्याची आखूड विजार, डिर्न्डल झगा आणि पांढरे गुडघामोजे, सार्वजनिक जागी घालू नये. माउटनरच्या कुटुंबाला देश सोडावा लागला. त्याने गोळा केलेले कपडे घालायला ज्यांना मुभा राहिली, त्यांपैकी कितीकांना त्याचे नाव ठाऊक होते?

साहित्याने या काळात काय केले, हा आमच्या विषयाचा प्रश्न. एक उत्तर कार्ल हाइनरिख वागर्लचे. १९३०च्या त्याच्या 'ब्रोट' या कादंबरीत एक माणूस ओसाड जागी येऊन जमीन फोडतो, भाकरी पिकवतो. नॉर्वेच्या हामसुनचा ठसा तिच्यावर स्पष्ट आहे. कादंबरी वाईट नाही. मातीचे वर्णन हाताला लागावे असे आहे. फक्त तिच्या जगात हाइमाट मिळवण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. वागर्लला १९३४ साली राज्य पुरस्कार मिळाला आणि नाझी काळात तो आपल्या वाग्राइन गावचा नगराध्यक्ष झाला.

दुसरे उत्तर रोटचे. 'सम्राटाचा अर्धपुतळा' ही त्याची दीर्घकथा १९३४-३५ मधली, तो पॅरिसमध्ये परागंदा असतानाची. गॅलिशियातल्या खेड्यातला काउंट मोर्स्टिन साम्राज्य बुडाल्यावरही घरासमोर सम्राटाचा पुतळा उभा ठेवतो. नवी पोलिश सत्ता तो हलवायला सांगते. तेव्हा गावचे पोलिश, युक्रेनी आणि ज्यू मिळून पुतळ्याची रीतसर अंत्ययात्रा काढून त्याला मूठमाती देतात. अनेक खोल्यांचे एक मोठे घर, हे मोर्स्टिनच्या हाइमाटचे रूप. ही कथा आम्ही वर्गात शिकवतो आणि दर वेळी एक आक्षेपही नोंदवतो : त्या मोठ्या घरात भिकाऱ्याला पोलीसपहाऱ्यात गावी धाडणारी खोलीही होती, ती काउंटला दिसत नाही. रोटला ती माहीत होती. त्याचे १९२७चे पुस्तक साक्षीला आहे. पुढे येऊ घातलेले इतके भयंकर होते की मागचे त्याने माफ करून टाकले. २७ मे १९३९ रोजी तो पॅरिसमध्ये वारला. कुर्ट टुखोल्स्कीने १९२९ साली जर्मनीवर कोरडे ओढणारे आपले चित्रमय पुस्तक संपवताना अखेरचा निबंध हाइमाटवर लिहिला आणि डाव्यांचाही या भूमीवर, तिच्या नद्या-झाडांवर, तितकाच हक्क आहे असे ठणकावले. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९३३ मध्ये, नाझी सरकारने ज्या पहिल्या तेहतीस जणांचे नागरिकत्व काढून घेतले त्यांत त्याचे नाव होते.

आता वर्गातल्या त्या 'वतन'कडे. नेमक्या याच वर्षांत मराठी मुलखात या शब्दावरून एक लढा चालू होता, तो ऑस्ट्रियाच्या कायद्याशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. महारकी हे वतनच होते : पिढीजात हक्क, थोडी इनाम जमीन, बलुत्याची भाकर, आणि त्या बदल्यात सरकार व गाव सांगेल ते काम, रात्रीअपरात्री. हक्क सोडला तर जमीन जाते, धरला तर माणूस गावकुसाशी जखडतो. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. हाइमाटरेख्टप्रमाणेच येथेही 'तू या गावचा' असे सांगणारा कागद आधार होता आणि बेडीही. ऑस्ट्रियातल्या गरिबाला निदान एका पिढीत शहरात मिसळून जाण्याची आशा होती, येथे तीही नव्हती. मग १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींची आणि त्यांची भेट झाली, तेव्हा आपल्याला मायभूमीच नाही असे आंबेडकरांनी त्यांना सांगितले. हे उद्गार आपल्याकडे बहुधा संतापाचे म्हणून उद्धृत होतात. ज्याने तीनच वर्षांपूर्वी वतनाचा कायदा कलमाकलमाने तपासला होता, त्याच्या तोंडी ते एका वकिलाचे काटेकोर निवेदन म्हणूनही वाचता येतात. महारकी वतन गेले ते १९५८च्या कायद्याने.

ऑस्ट्रियातला हाइमाटरेख्टही शेवटी रद्द झाला. केला नाझींनी, १९३९ साली. गरिबाला गावाशी बांधणारी ती जुनी नोंद त्यांना निरुपयोगी होती. वंशाचा दाखला तेवढा उरला. त्या सुमारास हान्स मायर नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण बेल्जियमला पळाला. बाड इश्लच्या डोंगराळ भागात त्याचे बालपण गेले होते. आउश्विट्झमधून तो जिवंत परतला, आपल्या नावातली अक्षरे उलटसुलट करून झाँ आमेरी झाला, आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने माणसाला हाइमाट किती लागते या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यातला एक प्रसंग असा : भूमिगत असताना एका दुपारी एस.एस.चा माणूस दारात उभा राहतो. वरच्या गोंगाटाने त्याची झोपमोड झाली आहे, एवढीच तक्रार. पण तो बोलतो आमेरीच्या गावाकडच्या बोलीत. आमेरी भीतीने गोठतो आणि त्याच क्षणी, त्याच बोलीत उत्तर द्यावे अशी अनावर ओढ त्याला वाटते. तो उत्तर देतो फ्रेंचमध्ये.

काही जण मुंबईलाही पोचले. व्हिएन्नात शिकवणारा चित्रकार वाल्टर लांगहामर १९३८ मध्ये येथे आला आणि टाइम्स ऑफ इंडियात कलाविभागप्रमुख झाला. रझांसारखे तरुण चित्रकार त्याच्या घरी रविवारी जमत. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच मात्र ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना धरून तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले. ऑस्ट्रिया नकाशावर उरला नव्हता, म्हणून ऑस्ट्रियनही जर्मनच. नाझी पक्षाचे सभासद आणि नाझींपासून पळून आलेले ज्यू प्रारंभी एकाच तारेच्या आत होते. ज्यूंच्या पासपोर्टवर १९३८ पासून लाल 'जे' छापलेला होता, तरी पासपोर्ट जर्मनच होता. चौकशा होऊन पुष्कळांना सोडले गेले. पुढे शत्रुदेशीय म्हणून नोंदलेल्या कुटुंबांसाठी पुरंदर किल्ल्यावर वस्ती करण्यात आली, आणि जर्मनीतून आलेली काही ज्यू कुटुंबेही तिथे होती. वर्गात हे सांगितले की कोणी तरी विचारतेच, त्यांनी तिथल्या रजिस्टरात 'गाव' या रकान्यात काय लिहिले असेल?